हात जोडलेले चित्र : सांचीपासून व्हॉट्सॲपपर्यंत



स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा प्रथम मी जरा बिचकलो. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल व दूरसंचार खात्यात लागलो, आणि गेली वीसेक वर्षे बिलासपूर विभागात पॉइंट, ट्रॅक सर्किट आणि केबल यांच्याच सहवासात आहे. पण सिग्नल खात्यातल्या माणसाला एक सवय लागते. कुठलीही खूण दिसली की तो विचारतो, ही खूण कोणी ठरवली, कोणासाठी ठरवली आणि हिचा अर्थ नेमका काय? तोच प्रश्न मी आज एका अशा खुणेला विचारणार आहे, जी आपण सारे दिवसातून दहा वेळा तरी वापरतो. ती म्हणजे मोबाईलवरचे जोडलेल्या हातांचे चित्र, अर्थात 'नमस्कारवाला इमोजी'.

आपल्या कॉलनीचेच पाहा ना. इथे कोणी सकाळी 'जय जोहार' म्हणतो, कोणी 'नमस्कारम्', कोणी 'प्रणाम', तर कोणी 'राम राम'. आपण मराठी माणसे 'नमस्कार' म्हणतो. समोरासमोर भेटलो की हे सगळे वेगवेगळे ऐकू येते. व्हॉट्सॲपवर मात्र सगळ्यांचा मिळून एकच नमस्कार, दोन पिवळे हात! शिवाय काम झाले तरी तेच, काम झाले नाही तरी तेच, रजा मागायची तरी तेच आणि कोणी गेल्याची बातमी आली तरीही तेच. एका खुणेवर इतका बोजा कसा काय पडला? ते समजायला बरेच मागे जावे लागते.

अंजली आणि ओंजळ

दोन तळहात जुळवण्याच्या या मुद्रेला संस्कृतात 'अंजली' म्हणतात. आपला 'ओंजळ' हा शब्द त्याच 'अंजली'वरून आला आहे. म्हणजे मुळात ही मुद्रा नुसते हात चिकटवण्याची नाही. दोन हातांत थोडी पोकळी ठेवून त्यात काहीतरी अर्पण करण्याची आहे. पुष्पांजली, जलांजली, श्रद्धांजली हे शब्द आपण रोज वापरतो, पण त्या प्रत्येकात ही ओंजळ दडलेली आहे हे सहसा लक्षात येत नाही.

ही मुद्रा किती जुनी आहे हे पाहायला फार लांब जायला नको. भोपाळजवळ सांचीच्या तोरणांवर इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली शिल्पे आहेत. त्यांत बोधिवृक्षापुढे आणि स्तूपापुढे हात जोडून उभे असलेले स्त्री-पुरुष स्पष्ट दिसतात. आपल्याकडून कटनीमार्गे सतन्याला गेले की त्या जिल्ह्यात भरहुत लागते. तिथला स्तूप अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ साली उजेडात आणला. तो सांचीच्या तोरणांहूनही जुना. त्याचे कठडे आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत, आणि त्यांवरही हात जोडलेले भक्त आहेत. कोलकात्याला जाणे झाले तर अवश्य पाहावेत.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात तर या मुद्रेचे नियमच दिले आहेत. देवांना नमस्कार करताना अंजली मस्तकावर, गुरूंना करताना मुखाजवळ आणि मित्राला करताना छातीशी! सिग्नलवाल्याला हे वाचून आनंद होतो. खूण एकच, पण हात किती उंचीवर आहेत त्यावरून समोर कोण आहे ते कळते. थायलंडमध्ये 'वाय' नावाचा जो नमस्कार करतात, त्यातही हातांची उंची समोरच्याच्या मानाप्रमाणे बदलते. ही उंचीची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

पूर्वेकडची वाट

बौद्ध धर्म भारतातून मध्य आशियामार्गे चीनला गेला, तिथून कोरियाला आणि सहाव्या शतकात कोरियातल्या पैक्चे राज्यातून जपानला. भिक्खूंबरोबर ग्रंथ गेले, मूर्ती गेल्या आणि हात जोडण्याची रीतही गेली. जपानी भाषेत तिला 'गाश्शो' म्हणतात, म्हणजे 'जुळलेले तळहात'. ती तिथे इतकी मुरली की शिराकावा-गो या डोंगराळ गावातल्या उतरत्या गवती छपरांच्या घरांनाही 'गाश्शो-झुकुरी' म्हणजे 'जोडलेल्या हातांच्या बांधणीची' असे नाव पडले. १९९५ साली ही गावे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

जपानात मात्र या मुद्रेने थोडे वेगळे वळण घेतले. तिथे रोजच्या भेटीत हात जोडत नाहीत, कमरेतून वाकतात. हात जोडायचे ते देवळात, पूर्वजांपुढे आणि जेवणाआधी 'इतादाकिमास' म्हणताना. जेवायला बसल्यावर हात जोडून श्लोक म्हणणारी आपली पिढी हे चटकन समजेल. याखेरीज मित्राकडे काही मागायचे असेल किंवा त्याची माफी मागायची असेल, तरीही जपानी माणूस तळहात जुळवतो. म्हणजे आपला 'नमस्कार' तिकडे जाऊन 'कृपा करा', 'आभारी आहे' आणि 'चुकलो' असा झाला. आज आपणही मोबाईलवर याच अर्थांनी हे चित्र वापरतो, हा योगायोग नव्हे.

फोनमध्ये चित्र शिरले

'इमोजी' हा शब्द इंग्रजी 'इमोशन'वरून आला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. जपानीत 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. इमोजी म्हणजे चित्राक्षर. १९९७ साली जे-फोन या जपानी कंपनीने एका फोनमध्ये ९० चित्रे दिली. १९९९ साली एनटीटी डोकोमोच्या सेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रे तयार केली, प्रत्येक चित्र अवघ्या १२ बाय १२ ठिपक्यांचे! ही १७६ चित्रे २०१६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहात घेतली. पुढे वाढत गेलेल्या जपानी चित्रसंचांतच जोडलेले हातही आले.

पण एक अडचण होती. प्रत्येक कंपनीचा संच वेगळा, क्रमांक वेगळे. एका कंपनीच्या फोनवरून पाठवलेले चित्र दुसरीच्या फोनवर नीट उमटेना. आपल्या रेल्वेवाल्यांना ही व्यथा सांगायला नको. ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज, आणि प्रत्येक जंक्शनवर माल उतरवून पुन्हा चढवा! रेल्वेने १९९२ साली प्रोजेक्ट युनिगेज सुरू केले ते याच कारणाने. अक्षरांच्या दुनियेतले युनिगेज म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक द्यायचा, हे त्याचे काम. आपली देवनागरी त्यात १९९१ पासून आहे. २००९ साली गूगल आणि ॲपलच्या अभियंत्यांनी जपानी चित्रेही त्यात घ्यावीत असा प्रस्ताव मांडला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या युनिकोडच्या ६.० आवृत्तीत ती शेकड्यांनी दाखल झाली. जोडलेल्या हातांना क्रमांक मिळाला तो दशमान पद्धतीने लिहिला तर १२८५९१.

इथे एक तांत्रिक गंमत सांगतो. आपण हे चित्र पाठवतो तेव्हा प्रत्यक्षात चित्र जातच नाही. जातो तो फक्त क्रमांक. पलीकडचा फोन तो क्रमांक वाचून स्वतःजवळचे चित्र काढून दाखवतो. जुन्या मंडळींना तारेची आठवण होईल. दिवाळी, ईद, लग्न अशा प्रसंगांच्या शुभेच्छांची ठराविक वाक्ये तारखात्याने क्रमांक घालून ठेवली होती. तारबाबू नुसता क्रमांक पाठवायचा आणि पलीकडच्या तारघरात त्याचे पूर्ण वाक्य व्हायचे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिची युक्ती आपल्या खिशात अजून चालू आहे. फरक एवढाच की तारेच्या क्रमांकाला एक ठरलेले वाक्य होते. या क्रमांकाला चित्र आहे, वाक्य नाही.

नावातला माणूस

युनिकोडने या चित्राला जे अधिकृत नाव दिले त्याचा अर्थ होतो 'हात जोडलेली व्यक्ती'. त्यात प्रार्थना हा शब्द नाही की नमस्ते नाही. पुढे सोयीसाठी जे छोटे नाव रूढ झाले, ते नुसते 'जोडलेले हात'. बहुतेक फोनांवर चित्रही तसेच आहे, मनगटापर्यंतचे दोन हात. व्यक्ती मधल्या मधे गळाली.

२०११ साली ॲपलने आपल्या फोनवर इमोजीचा कळफलक जगभर सहज उपलब्ध केला आणि हे हात पश्चिमेकडे पोचले. तिथल्या लोकांनी त्यात आपला अर्थ वाचला. युरोपात मध्ययुगात सरंजामी सरदार आपल्या धन्यापुढे गुडघे टेकून जुळवलेले हात त्याच्या हातांत देत असे. ख्रिस्ती प्रार्थनेत तळहात जुळवण्याची पद्धत त्यावरून रूढ झाली असे अनेक इतिहासकार मानतात. आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५०८ साली काढलेले प्रार्थनेच्या हातांचे रेखाचित्र, जे व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे, तिकडे घरोघरी माहीत आहे. त्यामुळे अमेरिकेत हे चित्र 'प्रार्थनेचे हात' झाले. ॲपलच्या जुन्या चित्रात हातांमागे पिवळे किरण होते. ते पाहून काहींना वाटले की ही दोन माणसांनी एकमेकांना दिलेली टाळी आहे! हा टाळीचा वाद बरीच वर्षे चालला. २०१५ साली त्वचेचे पाच रंगही आले; आपण बहुतेक जण मूळ पिवळ्यावरच समाधानी आहोत, आणि ते बरेच आहे.

परत घरी

भारतात हे चित्र घरोघरी पोचवले ते व्हॉट्सॲपने. २०१६ साली जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि आजी-आजोबांपासून खलाशांपर्यंत सगळे ग्रुपवर आले. आपल्या 'सुप्रभात'च्या संदेशांनी फोन इतके भरू लागले की २०१८ साली त्याच्या बातम्या परदेशी वृत्तपत्रांत छापून आल्या. त्या प्रत्येक 'सुप्रभात'खाली हे दोन हात असणारच. सांचीच्या शिल्पातले हात जपानमार्गे, कॅलिफोर्नियामार्गे दोन हजार वर्षांनी स्वगृही आले आणि आपण त्यांना आपलेच म्हणून ओळखले. त्यांचा सारा जपानी आणि अमेरिकी संसारही त्यांच्याबरोबर आला, हे मात्र आपल्या ध्यानात आले नाही.

मग मार्च २०२० आला. करोनामुळे हस्तांदोलन धोक्याचे ठरले. फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी स्पेनच्या राजा-राणीचे स्वागत हात जोडून केले; अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प आणि आयर्लंडचे पंतप्रधान वराडकर यांनीही व्हाइट हाऊसमध्ये तेच केले. वराडकरांचे वडील मूळचे मुंबईचे, त्यामुळे आपल्याला त्याचे विशेष कौतुक. २०२१ साली युनिकोड संस्थेने जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या इमोजींची यादी दिली, त्यात जोडलेले हात सहाव्या क्रमांकावर होते.

खुणेचा अर्थ कोणी ठरवायचा?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या खात्यात खुणेला एकच अर्थ असतो. लाल म्हणजे थांबा. त्यात 'कृपया' नाही आणि 'शक्य झाल्यास' नाही. पॉइंट उघडून काम करायचे तर स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शन मेमो द्यायचा, त्याची सही घ्यायची, मगच पान्याला हात लावायचा. फोनवरच्या कबुलीलाही प्रायव्हेट नंबर असतो, तो दोन्हीकडे लिहून ठेवतात.

काही वर्षांपूर्वी एका स्टेशनवर उद्या काम करायचे आहे, असा निरोप एकाने ग्रुपवर टाकला. उत्तरादाखल दोन जोडलेले हात आले. पाठवणाऱ्याला म्हणायचे होते, 'माफ करा, उद्या जमणार नाही'. वाचणाऱ्याने घेतले, 'ठीक आहे, या'. माणसे सामान घेऊन पहाटे पोचली आणि दिवसभर बसून परत आली. नुकसान एका दिवसाचेच झाले, कारण मेमोवर सही झाल्याशिवाय कोणी पॉइंटला हात लावला नाही. पण दोघेही आपापल्या परीने बरोबर होते हे विसरता येत नाही. जपानी अर्थही खरा आणि आपला अर्थही खरा. चित्रात मात्र दोन्हींत फरक दिसायची सोय नाही.

आपल्या मराठीत तर या हातांना आणखी छटा आहेत. 'हात जोडून विनंती' वेगळी आणि 'हात जोडले बुवा तुमच्यापुढे' वेगळे. 'साष्टांग दंडवत' वेगळा आणि 'कोपरापासून नमस्कार' तर अगदीच वेगळा! बोलताना हे सगळे आवाजावरून, चेहऱ्यावरून, हातांच्या उंचीवरून कळते. नाट्यशास्त्राने सांगितलेली ती उंची मोबाईलच्या चित्रात नाही. देवाला, वरिष्ठाला, मित्राला आणि कटकट्या माणसाला एकाच मापाचे हात जातात.

कामाच्या बाबतीत मेमो आपल्याला वाचवतो. दुःखाच्या बाबतीत मेमो नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या ग्रुपवर काय चालले होते ते सगळ्यांना आठवत असेल. एक बातमी वाचून होते तोवर दुसरी. घराबाहेर पडता येत नव्हते, खांदा द्यायला जाता येत नव्हते. तेव्हा या दोन हातांशिवाय आपल्याजवळ होतेच काय? त्या दिवसांत या चित्राने खरेच श्रद्धांजलीचे काम केले, हे मी मनापासून मानतो. ज्याच्या मातृभाषेत सांत्वनाचे दोन शब्द आपल्याला येत नाहीत अशा सहकाऱ्यालाही ते पोचले.

प्रश्न आहे तो त्यानंतरचा. बंदी उठली, पण सवय राहिली. दोन वर्षांपूर्वी आमच्याच सेक्शनमधल्या, श्रीकाकुलमकडच्या एका मेंटेनरचे वडील वारले. ग्रुपवर हातांची रांग लागली. गावाहून परत आल्यावर तो मला म्हणाला, "सर, हाथ तो बहुत लोगों ने जोड़े. फोन दो लोगों का आया." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्याने आलेल्या प्रत्येक हाताला हात जोडून उत्तरही दिले होते. पण त्या दोन फोनांची नावे त्याला पाठ होती, आणि क्वार्टरचे कुलूप उघडायच्या आत शेजारच्या ट्रॅकमनच्या घरून जेवणाचा डबा आला होता, तेही त्याने सांगितले.

आपण सारे घरापासून दूर राहणारी माणसे. आपले काका-मामा पुण्याला, नागपूरला, साताऱ्याला. इथे अडीअडचणीला धावून येतात ते शेजारी आणि सहकारी. बदलीच्या नोकरीत तेच आपले गणगोत. अशा वस्तीत 'मी आहे' हे कळवणारी खूण फार मोलाची असते. ती पोकळ झाली तर नुकसान आपलेच.

म्हणून एक साधी सूचना करतो. हे चित्र सोडून देण्याचे काहीच कारण नाही. दोन हजार वर्षांचा प्रवास करून ते आपल्याकडे आले आहे. पण ते पाठवताना सोबत समोरच्याचे नाव लिहावे आणि आपल्याला काय म्हणायचे आहे ते एका वाक्यात लिहावे, मराठीत, हिंदीत, तेलुगूत, जे जमेल त्यात. गळून गेलेली व्यक्ती त्यामुळे परत येते. आणि कोणाच्या घरी दुःख झाले असेल तर हातांच्या चित्रानंतर आठवड्याभरात एक फोन किंवा एक फेरी व्हावी. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी उत्सवानंतरही अशा घरांची आठवण ठेवली तर वर्गणीपेक्षा मोठे काम होईल.

उत्सवात रोज रात्री आरती झाली की आपण मंत्रपुष्पांजलीसाठी उभे राहतो. तबक फिरते, प्रत्येक जण चिमूटभर फुले आणि अक्षता ओंजळीत घेतो, मगच हात जुळतात. लहान मुलाच्या हातात फुले नसली तर शेजारचा कोणीतरी आपल्यातली दोन काढून त्याच्या हातावर ठेवतो. यंदा ते करताना या लेखाची आठवण झाली तर मला बरे वाटेल.

गणपती बाप्पा मोरया!